कोथिंबिरीची जुडी केवढ्याला?

सातवीला शेकडेवारी शिकवताना एक गोष्ट मला कायम खटकायची. उदाहरणं मुलं सोडवतात, पण उत्तर ३ टक्के आलं काय आणि ३०० टक्के आलं काय, त्यांना सारखंच. म्हणून गेल्या वर्षी एका सोमवारी मी पिशवी भरून वर्गात गेले. पेन्सिल, साबण, थोडे काजू, घरातला कुकर आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोथिंबिरीची जुडी. खेळ साधा होता, किंमत ओळखायची.

पहिल्या दिवशी नियम टीव्हीवरच्या खेळातला घेतला: खऱ्या किमतीच्या सर्वांत जवळ, पण तिच्या वर जायचं नाही. एकानं साबणाला ४० सांगितले, पुढच्यानं लगेच ४१. तिसरा म्हणाला, "एक रुपया." बाकी सगळे किमतीच्या वर गेले तर आपणच जिंकू, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. डोकं छान चाललं होतं, पण साबणाचा विचार कोणीच करत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, एका मुलानं पाव किलो काजूचे ५० रुपये सांगितले आणि वर्ग हसला. त्या मुलानं आठवडाभर हात वर केला नाही. चूक माझी होती. काजू विकत आणायची वेळ ज्या घरात येत नाही, तिथल्या मुलाला भाव कुठून माहीत असणार?

दुसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठ्या सुरू केल्या. नाव नाही, फक्त आकडा. काजू पिशवीतून गेले.

मग शेकडेवारी आपोआप आली. ५ रुपयांच्या पेन्सिलीला कोणीतरी १० लिहिले होते, १८०० च्या कुकरला कोणीतरी १७००. जास्त कोण चुकलं? "कुकरवाला, शंभरानं!" असा गलका झाला. मागच्या बाकावरून आवाज आला, "पण पेन्सिल दुप्पट झाली की!" फळ्यावर मांडलं. पेन्सिलीत १०० टक्के चूक, कुकरमध्ये साडेपाचच्या आसपास. वर्ग एकदम गप्प झाला. ती शांतता मला फार आवडली.

जुडीच्या ४१ चिठ्ठ्या चढत्या क्रमानं लावल्या. एकविसावी, म्हणजे मध्यक, २२ रुपये. सरासरी मात्र २८, कारण दोघांनी १५० लिहिले होते. मी जुडी २० ला आणली होती. तेव्हा त्यांना फ्रान्सिस गॉल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एक बैल कापून साफ केल्यावर किती वजनाचा भरेल, याचा अंदाज करायची पैज होती. त्यानं ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मध्यक निघाला १२०७ पौंड, खरं वजन होतं ११९८. आमच्या वर्गात पुढच्या वेळी मी मुद्दाम पहिला आकडा मोठ्यानं सांगायला लावला, तर निम्म्या चिठ्ठ्या त्याच आकड्याभोवती घुटमळल्या.

पण खरा तास घेतला तो एका मुलीनं. तिची आई मंडईबाहेर भाजीची पाटी घेऊन बसते. एरवी गणिताच्या तासाला ही खाली मान घालून असते. मी विचारलं, सकाळी २० ची जुडी संध्याकाळी १० ला का मिळते? ती पुढे आली, जुडी हातात घेतली, अंगठ्यानं देठ दाबून बघितलं आणि म्हणाली, "बाई, ही आजची नाही. रात्री उरली तर उद्या कोण घेणार? दहा तर दहा."

मग तिनंच हिशेब सांगितला. मार्केट यार्डात पालेभाजीचा भाव शेकड्यावर. समजा शेकडा १२०० ला पडला, टेम्पो-हमालीचे १५०. शंभरातल्या १५ जुड्या सडतात. वर्गानं भागाकार केला, १३५० भागिले ८५. जुडी बारा रुपयांना नाही, जवळजवळ सोळाला पडली. वीसला विकली तर हातात आठ नाही, चारच. एक मुलगा म्हणाला, "मग माझी आई घासाघीस करते ती..." आणि थांबला. मीही काही बोलले नाही.

त्या दिवसापासून फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात दर सोमवारी तीन भाव लिहिलेले असतात: कांदा, टोमॅटो, कोथिंबीर. मागच्या सोमवारपेक्षा किती टक्के फरक पडला, ते मुलं मी वर्गात यायच्या आधीच काढून ठेवतात. पावसाची झड लागली की कोथिंबिरीचा आकडा उडतो आणि कारण विचारावं लागत नाही. भाव आणायचं काम त्या मुलीकडे आहे. परवा तिनं आईच्या हातची चिठ्ठी आणली, मागे पेन्सिलीनं भागाकार केलेला होता. अक्षर तिचं नव्हतं.