व्हीएमला कुठला प्रोसेसर दाखवायचा? माझा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसचे संगणक मी सांभाळतो. सुरुवातीला तिथं दोनच सर्व्हर होते, दोन्ही वापरलेले घेतलेले. एकात इंटेलच्या झिऑन ई५ प्रोसेसरची २०१३ सालची व्ही२ पिढी, म्हणजे आयव्ही ब्रिज. दुसऱ्यात त्याच्या पुढच्या वर्षीची व्ही३, म्हणजे हॅस्वेल. दोन्हींवर लिनक्स, त्यावर केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) आणि लिबव्हर्ट (ती सांभाळणारं सॉफ्टवेअर), आणि त्यात हिशेबाचं विंडोज, ऑर्डर-डिस्पॅचचा डेटाबेस, हजेरी, बॅकअप अशा व्हीएम, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटात चालणारे वेगवेगळे संगणक. डिस्क सगळ्यांच्या एका वेगळ्या स्टोरेजवर, दोन्ही सर्व्हरना दिसतात अशा.

ऑफिस मागांच्या शेडपासून लांब असलं तरी सुताची रुई पंख्यांपर्यंत पोचतेच. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळिसाच्या वर गेला की जाळ्या साफ केल्याशिवाय मशीन टिकत नाही, म्हणजे अधूनमधून सर्व्हर बंद करून उघडावाच लागतो. मालकांची अट एकच: "साफ करा, धुवा, काय पण करा, पण गाडी भरायची थांबली नाही पाहिजे." म्हणजे चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता आली पाहिजे, आतल्या माणसाला पत्ता न लागता. मला प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये शिरावं लागलं ते या रुईमुळं.

सुरुवात केली ती व्हीएमच्या आत एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती देणारी कमांड चालवून. प्रोसेसरचं नाव आलं क्यूईएमयू व्हर्च्युअल सीपीयू, आणि खाली फ्लॅगची, म्हणजे प्रोसेसरला काय काय येतं त्याची, यादी अगदीच तोकडी. एईएस (एन्क्रिप्शनच्या खास सूचना) नाही, एसएसई ४.२ नाही, एव्हीएक्स तर नाहीच (ही दोन्ही एका दमात बरेच आकडे हाताळणाऱ्या सूचनांची नावं). खाली खरा झिऑन बसलाय आणि व्हीएमला त्याचा पत्ता नाही. या व्हीएम जुन्या, त्यांच्या एक्सएमएलमध्ये (लिबव्हर्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) सीपीयूचा भागच लिहिलेला नव्हता. तो नसला की क्यूईएमयू, म्हणजे केव्हीएमसोबत व्हीएमचं हार्डवेअर उभं करणारा प्रोग्राम, स्वतःचं सर्वसाधारण मॉडेल देतो, क्यूईएमयू६४. ते जवळपास कुठंही चालतं, पण त्याच्याकडून फार कामाची अपेक्षा ठेवू नये. आमचा एन्क्रिप्टेड बॅकअप रात्रभर रखडायचा त्याचं कारण इथं सापडलं: एईएसचा हिशेब प्रोसेसरच्या खास सूचनांनी व्हायच्या ऐवजी नुसत्या सॉफ्टवेअरनं चालला होता.

सेटिंग बदलायचं दुसरं कारण जास्त निकडीचं होतं. २०२० मध्ये एक्स८६-६४ प्रोसेसरांच्या पातळ्या ठरवल्या गेल्या, व्ही२, व्ही३, व्ही४ अशा. व्ही२ ला एसएसई ४.२ पर्यंतचं सगळं लागतं, व्ही३ ला एव्हीएक्स२ वगैरे. २०२२ चं रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ व्ही२ मागतं, २०२५ चं १० थेट व्ही३. क्यूईएमयू६४ व्ही२ मध्येही बसत नाही. त्यामुळं डेटाबेससाठी नवं लिनक्स टाकायला गेलो तर ते उठेचना, जीलिबसीची (लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची) एक ओळ दाखवून तिथंच थांबायचं. झिऑन व्ही२ आणि लिनक्सची व्ही२ पातळी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही हेही सांगून टाकतो, नाहीतर घोळ होतो.

आता हे चालतं कसं, थोडक्यात. प्रोसेसरला "तुला काय काय येतं?" असं विचारायची एक सूचना आहे, सीपीयूआयडी. इंटेलच्या व्हर्च्युअलायझेशनमध्ये ही सूचना व्हीएमच्या आत दिली की ती दर वेळी बाहेर हायपरवायझरकडं (व्हीएम चालवणाऱ्या थराकडं) येते, आणि उत्तर आपण ठरवलेलं जातं. म्हणजे स्थळाचा बायोडाटाच. काही गोष्टी गाळता येतात, पण नसलेलं लिहिलं तर लिबव्हर्ट मांडवातच पकडतो, व्हीएम सुरूच करत नाही.

हा बायोडाटा कसा लिहायचा याच्या तीन पद्धती रोजच्या कामात येतात. होस्ट म्हणजे खालचा खरा सर्व्हर. होस्ट-पासथ्रूमध्ये त्याचा प्रोसेसर जवळपास जसाच्या तसा दिसतो. होस्ट-मॉडेलमध्ये लिबव्हर्ट खालच्या प्रोसेसरला सगळ्यात जवळचं ओळखीचं मॉडेल शोधतो आणि वरचे फ्लॅग जोडून देतो. तिसरी कस्टम, जिथं मॉडेलचं नाव आणि फ्लॅग आपणच लिहायचे. वेग हवा तर पासथ्रू, असं सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे. पण आमच्यासारख्या दोन वयांच्या सर्व्हरवर तेच अंगलट येतं.

ते पडताळायला एक रिकामी चाचणीची व्हीएम घेतली. हॅस्वेलवर होस्ट-मॉडेल लावून सुरू केली आणि चालू असतानाच आयव्ही ब्रिजकडं पाठवली. लिबव्हर्टनं दारातच अडवलं: पाहुण्याच्या, म्हणजे व्हीएमच्या, सीपीयूशी जुळत नाही, गायब फ्लॅग एफएमए, एमओव्हीबीई, एव्हीएक्स२ आणि आणखी काही. असा स्पष्ट नकार मला आवडतो. व्हीएम आहे तिथं चालू राहते आणि काय कमी पडलं तेही कळतं. पासथ्रूला हे संरक्षण नाही. तिथं व्हीएम हललीच, तरी आतल्या प्रोग्रामनं सुरुवातीला एव्हीएक्स२ आहे असं लक्षात ठेवलेलं असतं. नव्या जागी ती सूचना दिली की तो मधेच कोसळू शकतो, तोही दुपारी, माल भरताना.

मग दोघांना येतं तेवढंच दाखवायचं. ते हातानं जुळवत बसू नका. दोन्ही सर्व्हरवर व्हर्शची (लिबव्हर्टच्या कमांड-लाइनची) डॉमकेपेबिलिटीज ही कमांड चालवायची, दोन्हींचं उत्तर एका फाइलमध्ये एकाखाली एक ठेवायचं आणि ती फाइल हायपरवायझर-सीपीयू-बेसलाइन या सामाईक फ्लॅग काढणाऱ्या कमांडला द्यायची, मायग्रेटेबल (हलवता येण्याजोगं) हा पर्याय लावून. आमच्यासाठी निघालं आयव्ही ब्रिज आयबीआरएस मॉडेल आणि त्याखाली फ्लॅगांची एक यादी. हे जसंच्या तसं एक्सएमएलमध्ये चिकटवलं. नुसती सीपीयू-बेसलाइन अशीही एक जुनी कमांड आहे, पण ती हार्डवेअरपुरतं बघते, केव्हीएम त्यातलं काय देऊ शकतो ते नाही. हायपरवायझर शब्द असलेलीच वापरा.

त्या यादीतला एक फ्लॅग मुद्दाम बघावा असा: पीसीआयडी. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष बाहेर आले, त्यानंतर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) मेल्टडाउनवरचा जो उपाय आला तो वेग खातो. पीसीआयडी असला तर तो फटका कमी बसतो. क्यूईएमयूच्या हॅस्वेल मॉडेलपासून पुढं तो आपोआप येतो, आयव्ही ब्रिज मॉडेलमध्ये मात्र स्वतः मागावा लागतो. तसंच २०१९ च्या एमडीएस दोषासाठी एमडी-क्लिअर. नव्या एलएससीपीयूच्या शेवटी या दोषांची यादी येते. आधी तिथं एमडीएससमोर असुरक्षित असं दिसत होतं, बदलानंतर बफर साफ केले जातात असं दिसू लागलं. होस्टचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत नसेल तर एमडी-क्लिअर व्हीएमपर्यंत पोचणार नाही, ते आधी बघून घ्यावं.

आणि हो, व्हीएमच्या आतून रीस्टार्ट केलं तर नवं सेटिंग लागत नाही. पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. विंडोजवर तर लोक हमखास रीस्टार्टच दाबतात.

विंडोजचा विषय निघालाच तर: हिशेबाच्या व्हीएमला चार प्रोसेसर दिलेले, तरी जीएसटीच्या तारखांना ती रांगायची. टास्क मॅनेजरमध्ये दोनच दिसत होते. आमच्या जुन्या सेटिंगमध्ये चार प्रोसेसर म्हणजे चार वेगळे सॉकेट (स्वतंत्र चिप) असं मांडलेलं होतं, आणि विंडोज १० प्रो दोनच सॉकेट वापरतं. टोपोलॉजीत, म्हणजे प्रोसेसरच्या मांडणीत, एक सॉकेट, चार कोअर लिहिलं आणि चारही कामाला लागले. नव्या क्यूईएमयूमध्ये ही मांडणी मुळातच कोअरच्या बाजूनं होते, पण जुन्या व्हीएमची मांडणी जुनीच राहते. फ्लॅगांच्या मागं लागण्याआधी हे तपासा, फुकटात मिळतं.

इथवर माझं काम झालं होतं, पण मी तिथं रोज नसतो. नवीन व्हीएम करायची वेळ आली की ऑफिसातला पोरगा करतो. तो हुशार आहे. त्यानं व्हर्ट-मॅनेजरमध्ये (लिबव्हर्टच्या खिडक्यांच्या प्रोग्राममध्ये) सीपीयू मॉडेलची यादी उघडली आणि फोन केला: "दादा, लई नावं हायत की इथं. सगळ्यात नवं लावू का?" त्याचं काही चुकलं नव्हतं. सँडी ब्रिज, ब्रॉडवेल, कॅसकेडलेक अशी नावं ओळीनं मांडली की कुणीही नवंच निवडणार. मांडणारे याला सोय म्हणतात, पण निवडायचं कशावरून हे ती यादी सांगतच नाही. व्हर्ट-मॅनेजरमधली होस्टचा सीपीयू कॉपी करायची खूण त्यापेक्षा बरी, पण ही व्हीएम पुढं हलणार आहे का, हे तिलाही माहीत नसतं.

त्या पोराला फ्लॅग ठाऊक नसले तरी व्हीएम कशासाठी आहे ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती मराठीत दोनच गोष्टी विचारते. ही व्हीएम साफसफाईच्या वेळी दुसऱ्या सर्व्हरवर चालू राहायला हवी का? हो म्हटलं तर बेसलाइनचं मॉडेल, नाही म्हटलं तर पासथ्रू. आत विंडोज आहे का? हो म्हटलं तर एक सॉकेट, बाकी सगळे कोअर. स्क्रिप्टच्या आत व्हर्ट-एक्सएमएल ही सेटिंग बदलणारी कमांडच चालते, जादू काही नाही. शेवटी स्क्रिप्ट ठरलेलं सेटिंग एका ओळीत सांगते आणि व्हीएम पूर्ण बंद करायची आठवण करून देते. बेसलाइन एका फाइलमध्ये ठेवली आहे. आयव्ही ब्रिज निवृत्त झाला की तेवढी फाइल बदलायची, मग हलत्या व्हीएमनाही एव्हीएक्स२ मिळेल आणि व्ही३ मागणारं लिनक्स चालेल. तोवर तसं लिनक्स हवं असेल तर ते हॅस्वेलवर, एका जागी बसून.

मध्यंतरी मालकांना एक एएमडीचा सर्व्हर स्वस्तात मिळत होता. त्यांनी विचारलं, "याच्यावर पण हलवता येतील का?" इंटेलवरून एएमडीवर चालू व्हीएम हलवायची जोखीम मी घेत नाही, बंद करून नेता येईल, असं सांगितलं. त्यांनी तो तरीही घेतला. बॅकअप आणि हजेरीच्या व्हीएम तिकडं गेल्या. पोरानं पहिल्या प्रश्नाला नाही म्हटलं, पासथ्रू लागला, आणि बॅकअप आता रात्री जेवून उठेपर्यंत आटोपतो.