“काकू, आज सही नको”

गेल्या वर्षी ह्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मुदत ठेवींतला बराच पैसा त्यात गेला. मी विनाअनुदानित शाळेत शिकवत होते, त्यामुळे मला पेन्शन नाही. ह्यांची पीएफची पेन्शन औषधांनाही पुरत नाही. मुलगा बेंगळुरूला, मुलगी नाशिकला. सांगितलं असतं तर दोघांनी पैसे पाठवले असते. पण दर महिन्याला मुलांपुढे हात पसरायचा, हे आम्हाला नको होतं. डोंबिवलीतला फ्लॅट मात्र दोघांच्या नावावर, कर्ज केव्हाच फिटलेलं.

रिव्हर्स मॉर्गेजबद्दल मैत्रिणीकडून कळलं. २००७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली होती, पण आमच्या अख्ख्या सोसायटीत कोणाला माहीत नव्हती. साठी ओलांडलेल्या माणसाने राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायचं, बँक दर महिन्याला पैसे देणार, आणि आपण हयात असेपर्यंत हप्ता भरायचा नाही.

पहिल्या बँकेत काउंटरवरच्या मुलाने जन्मतारीख पाहिली आणि “आजी, या वयात कर्ज नाही मिळत” म्हणत कागद परत सरकवला. दुसरीकडून एजंट घरी आला. कोऱ्या फॉर्मवर पेन्सिलीने फुल्या मारून म्हणाला, “इथे इथे सह्या करा, बाकीचं मी भरतो.” मधे एका विमा पॉलिसीचाही फॉर्म होता. मी सही केली नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. आपण अडाणी आहोत असं वाटायला लावतात, त्याचा त्रास पैशांच्या काळजीपेक्षा जास्त होतो.

तिसऱ्या बँकेतल्या मॅडम काउंटरच्या बाहेर येऊन ह्यांच्या उजव्या बाजूला बसल्या, कारण ह्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही हे त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं. मग एक कोरा कागद घेतला. “काका, समजा ११ टक्के व्याज आहे आणि पंधरा वर्षांनी कर्ज व्याजासकट ४५ लाखांवर जाईल असं धरलं, तर तुम्हाला महिन्याला साधारण ९,९०० रुपये मिळतील. पंधरा वर्षांत तुमच्या हातात पडतील १७ लाख ८० हजारांच्या आसपास. उरलेलं सगळं व्याज.” १७ आणि ४५ या दोन्ही आकड्यांभोवती त्यांनी गोल केला आणि गप्प बसल्या. आम्हाला तो कागद पाहू दिला. इतक्या स्पष्टपणे आम्हाला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं.

मी घाईने विचारलं, सही कुठे करायची? तर म्हणाल्या, “काकू, आज सही नको. आधी मुलांना आणा, निदान फोनवर तरी.”

मुलगा फोनवर चिडलाच. “आई, घर विकताय का?” मॅडमनी अर्धा तास त्याच्याशी बोलून समजावलं. आमच्यानंतर मुलांना पैसे भरून घर सोडवता येतं, तो हक्क आधी त्यांचाच. घर विकलं तर कर्ज फिटून उरलेली रक्कम मुलांची, आणि विक्रीतून कमी पैसे आले तरी बँक मुलांच्या मागे लागत नाही. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “बाबांच्या माघारी आईला घर सोडावं लागेल का?” हा प्रश्न कित्येक दिवस माझ्या पोटात होता, ह्यांच्यासमोर विचारवत नव्हता. उत्तर होतं, नाही. कर्ज दोघांच्या नावे, मागे राहील त्याने शेवटपर्यंत त्याच घरात राहायचं.

गैरसोयीच्या गोष्टीही त्यांनीच काढल्या. मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स, घराचा विमा आम्हीच भरायचा. घराला वर्षभर कुलूप लावून मुलाकडे राहायला गेलो तर बँक कर्ज परत मागू शकते. पंधरा वर्षांनी महिन्याचे पैसे थांबतील, घर राहील. “तेव्हा तुम्ही ८१ च्या असाल काकू. उरलेली ठेव त्या दिवसांसाठी ठेवा.”

कागदपत्रांत चार महिने गेले. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, इमारत अजून किमान वीस वर्षं टिकेल असा इंजिनिअरचा दाखला. सगळ्यात जास्त अडलं ते सोसायटीच्या ना हरकत पत्राशी, कारण आमच्याकडे पुनर्विकासाची चर्चा चालू आहे. मॅडमनी सेक्रेटरींना स्वतः फोन करून काय लिहायचं ते सांगितलं. इंग्रजी करारातल्या अवघड कलमांशेजारी त्यांनी पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहून दिला आणि कागद घरी पाठवले. ह्यांनी ते दोन संध्याकाळ मोठ्याने वाचले, तिसऱ्या दिवशी आम्ही सही केली.

यंदा हयातीचा दाखला द्यायला गेलो तर मॅडमची बदली झालेली. नवीन साहेबांनी फाईल उघडली, आतली चिठ्ठी वाचली आणि खुर्ची उचलून ह्यांच्या उजव्या बाजूला आणून ठेवली.