आज टेबलं भिंतीला लावली

तीन महिने आमच्या ऑफिसात डिस्पॅच आणि अकाउंट्स फक्त ईमेलवर बोलत होते, तेही साहेबांना सीसीत ठेवून. चहालासुद्धा वेगवेगळ्या वेळी. (मी डिस्पॅचवाला, म्हणजे धुतल्या तांदळाचा नाहीच.)

आज मध्यस्थी करायला बाहेरून एक बाई आल्या. खुर्च्या गोल मांडल्या. नियम एकच: उत्तर देण्याआधी समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगायचं. तो "हो, हेच" म्हणाला तरच पुढे. मनात म्हटलं, झाली बालवाडी सुरू!

अकाउंट्सच्या ताई म्हणाल्या, "तुमच्या चलनांचा गठ्ठा साडेपाचला येतो."

मी म्हटलं, "ताईंना आमचं काम ढिसाळ वाटतं."

"नाही."

पुन्हा प्रयत्न. पुन्हा "नाही."

शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, माझी बदलापूर फास्ट चुकते. पाळणाघराच्या दारात मुलगी चपला घालून बसलेली असते."

खोलीत नुसता एसीचा आवाज.

चलनं आता चारला द्यायची ठरलंय. गोडाऊनचं भांडण लोंबकळतंच आहे, गुरुवारी पुन्हा बसायचंय. निघताना ताईंनी डब्यातली उरलेली चकली पुढे केली. परळ स्टेशनच्या जिन्यापर्यंत बरोबर चालत आलो, बोललो मात्र पावसाबद्दलच.