निवृत्ती 58 ला, गोळा 60 ला

दर 31 मेला शाळाशाळांतून निरोपसमारंभ होतात. त्याच तारखेला एवढी गर्दी का, हे शिक्षकांना सांगायला नको. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख ठोकून दिलेली असते. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये, म्हणजे पस्तिशीपुढच्यांच्या मैदानी स्पर्धांत, गोळा, थाळी किंवा भाला फेकायला उतरायचं तर हीच तारीख पुन्हा आडवी येते, कारण स्पर्धेच्या पहिल्या दिवशी कागदावर जे वय भरतं त्यावर गट ठरतो. खरा जन्म दिवाळीतला असला तरी त्याचा उपयोग नाही.

गट 35 पासून पाच-पाच वर्षांचे. 58 ला निवृत्त झालेले सर 55 च्या गटात मोडतात, म्हणजे समोर तीन वर्षांनी लहान माणसं आणि हातात 6 किलोचा गोळा, दीड किलोची थाळी किंवा 700 ग्रॅमचा भाला. साठी गाठली की गोळा 5 किलो, भाला 600 ग्रॅम आणि थाळी थेट 1 किलो. म्हणून पुरुषांनी पहिली दोन वर्षं पदकांच्या नादी न लागता अंग तयार करावं, हे माझं स्पष्ट मत. बाईंचं गणित वेगळं. त्यांना 3 किलोचा गोळा आणि 500 ग्रॅमचा भाला पन्नाशीलाच लागू होतो, थाळी 1 किलोचीच राहते आणि 75 पर्यंत यात काही बदलत नाही. वजनासाठी थांबून त्यांच्या हाती काही लागत नाही.

साहित्य विकत घेण्याआधी जुन्या शाळेतल्या पीटीच्या सरांना फोन करावा. 5 किलोचा गोळा 18 वर्षांखालच्या मुलांचा, 3 किलोचा गोळा आणि 500 ग्रॅमचा भाला त्याच वयाच्या मुलींचा. 1 किलोची थाळी आणि 600 ग्रॅमचा भाला महिलांच्या खुल्या गटाचा. शाळेच्या कपाटात यातलं निम्मं तरी धूळ खात पडलेलं असतं. फक्त जुना लोखंडी गोळा झिजलेला असतो, रंगाचे पोपडे गेलेले असतात. स्पर्धेत वजन करून घेतात आणि थोडा जरी कमी भरला तरी बाजूला ठेवतात. आधीच एखाद्या डिजिटल काट्यावर ठेवून पाहावा.

आता अंग. तीस-पस्तीस वर्षं उभं राहून शिकवलेल्यांच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात, टाच दुखते, आणि फळ्यावर लिहून लिहून उजवा खांदा धरलेला असतो. पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून, टाचा थोड्या पुढे ठेवून उभं राहा, दोन्ही हात सरळ वर न्या. कंबर न वाकवता अंगठे भिंतीला लागत नसतील तर भाला सध्या विसरा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. खांदा वळत नसला की फेकीचा ताण कोपरावर उतरतो. पायांसाठी दुसरी तपासणी: हाताची घडी घालून खुर्चीतून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं? साठीच्या पुरुषांना निदान 14, बायकांना 12 जमायला हवं. नाही जमलं तर तीन महिने फक्त खुर्ची, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं आणि चालणं. ठाण्यात उपवनहून येऊरचा चढ यासाठी उत्तम. चढायचं चालत, उतरायला रिक्षा. गुडघ्यांवर उतारावरच जास्त ताण येतो.

गोळ्यात सगळ्यात जास्त चुका पकडीत होतात. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळांशी बसवायचा, अंगठ्याचा नुसता आधार. हनुवटीखाली मानेला टेकवायचा आणि कोपर खांद्याच्या रेषेत वर ठेवायचं. कोपर खाली पडलं की गोळा मानेपासून सुटतो, मग तो क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकला जातो. पंच फाऊल देतात ते एक, खांदा जातो ते दुसरं. पहिले काही महिने जागेवरूनच: डावी बाजू फेकीच्या दिशेला, वजन वाकवलेल्या उजव्या पायावर, मग पाय, कंबर, छाती आणि शेवटी हात. ग्लाइड, म्हणजे फेकीकडे पाठ करून वर्तुळात मागे सरकत येऊन फेकणं, नंतर. गिरकीची पद्धत या वयात गुडघ्याला महाग पडते, मी तरी सुचवणार नाही. विज्ञानाचे सर 45 अंशांवर अडून बसतात, पण गोळा सुटतो तो जमिनीपासून दीड-दोन मीटरवरून, आणि कोन जितका उभा तितका जोर कमी लावता येतो. 35 ते 38 अंश पुरे.

आठवड्यात फेकीचे दोनच दिवस, दर वेळी वीस-पंचवीस फेकी. त्यापुढे कोपर खाली पडायला लागतं आणि सराव चुकीचा पक्का होतो.

गोळ्याचं वर्तुळ 2.135 मीटर व्यासाचं. स्टॉप बोर्डला, म्हणजे वर्तुळाच्या पुढच्या कडेवरच्या उंच पट्टीला, आतून पाय लागला तर चालतो, वर पडला की फाऊल. गोळा जमिनीवर पडण्याआधी बाहेर येऊ नये, आणि बाहेर पडायचं ते मागच्या अर्ध्या भागातूनच. चांगली फेक गेल्याच्या आनंदात पुढून बाहेर पडणारे दर स्पर्धेत एक-दोन सापडतातच. हातमोजे चालत नाहीत, खडूची पूड चालते. निदान ती तरी शिक्षकांना परकी नाही.

ठाण्यात खरी अडचण जागेची. सकाळी दादोजी कोंडदेव असो की कुठलं मैदान, चालणाऱ्यांची रांग संपत नाही. अशा ठिकाणी थाळी आणि भाला अजिबात काढू नये. 2 किलोचा मेडिसिन बॉल, म्हणजे सरावाचा जड चेंडू, सोसायटीच्या कंपाऊंडच्या भिंतीला मारावा, सेक्रेटरीची परवानगी काढून. जून ते सप्टेंबर वर्तुळाचं सिमेंट निसरडं होतं, ओला गोळा मानेवरून सटकतो. पावसाळ्यात वजनं आणि मेडिसिन बॉल, फेकी ऑक्टोबरपासून.

जेवणाचं थोडक्यात: या वयात किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. 65 किलोच्या माणसाला 65 ते 78 ग्रॅम. वाटीभर वरणातून सहा-सात, अंड्यातून सहा, पाव लिटर दुधातून आठ. वरण-भात आणि चहा-बिस्किटांवर हा हिशोब बसत नाही.

औषधांकडे मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते लघवी वाढवणारं औषध, आणि वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत कायम बंदी असलेलं. मधुमेहाचं इन्सुलिनही त्याच यादीत. बीटा ब्लॉकर या रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळ्यांवर अ‍ॅथलेटिक्समध्ये बंदी नाही, पण नाडी दबलेली राहते, त्यामुळे घड्याळातल्या ठोक्यांवर सराव ठरवू नये. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचून घ्या आणि दुसरा पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा. नसेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या निदान 30 दिवस आधी जायला हवा, सोबत निदानाचे कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी.