तुम्ही विचारलंत म्हणून: इथं फुकट होतं की, मग पैसे कशाला घालतोस?

हा प्रश्न मला आत्याच्या मुलापासून विद्यापीठाच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मित्रापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. "समुपदेशनच ना? इथं फुकट होतं की. सोलापूर सोडून पुण्याला कशाला जातोस?" अलीकडे आणखी काही जण विचारतात. माझ्याहून लहान, माझ्यासारखेच, आजूबाजूला बघून हळू आवाजात: "दादा, स्वस्तात कुठं होतं?" पहिल्यांना मी आजवर टाळत आलो. दुसऱ्यांना टाळवत नाही. म्हणून दोघांना एकदमच सांगतो.

मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंदला गेलेला पुरुष, हे तुम्हाला माहीत आहे, त्यावर पुन्हा बोलत नाही. घरही माहीत आहे. अम्मा विड्या वळते, नायना, म्हणजे वडील, टॉवेलच्या कारखान्यात आहेत. विडीची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही खर्चाचा हिशोब शेवटी किती हजार विड्या असाच होतो. पुण्यातल्या खासगी समुपदेशकाची तासाची फी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही मनात तोच हिशोब केला आणि फोन ठेवला. तेव्हा पैशाची किंमत मला शिकवू नका. फुकटचं मी घेऊन पाहिलंय, आणि त्याबद्दलच मला सांगायचंय.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, लिहून काही मिळणार नाही. नोटीस बोर्डावर समुपदेशन कक्षाचा कागद होता: मन मोकळं करा, गोपनीयता पाळली जाईल. कक्ष म्हणजे एका मॅडमची केबिन. त्या आम्हाला शिकवायच्याच, कक्षाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे होता. वाईट बाई नव्हत्या, हे आधी सांगतो. मला पाणी दिलं, दार लावून घेतलं. मी म्हणालो, "मॅडम, मी मागच्या आठवड्यातही आलो होतो, पण कुलूप होतं." त्या म्हणाल्या, "आले होते, असं म्हण." घरी आम्ही तेलुगू बोलतो, तिथे 'मी आलो' आणि 'मी आले' वेगळं होत नाही, म्हणून घरात माझं कधी कुणाच्या कानाला खटकलं नव्हतं. इथे पहिल्याच वाक्याला अडलं. तरी मी बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वही उघडून माझं ऐकत होतं. त्यांनी विचारलं, भाऊ नाही म्हणून असं वाटतं का? कुणी मैत्रीण आहे का? मी सगळ्याची उत्तरं दिली. बाहेर पडताना मला हलकं वाटलं, हेही खरंच आहे.

मग एके दिवशी वर्गातून बोलावणं आलं. केबिनमध्ये अम्मा बसली होती. खुर्चीच्या अगदी कडेला, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, बोटांना तंबाखूचा वास. विड्या कारखान्यात पोचवायची वेळ सोडून आली होती. मॅडम मराठीत सांगू लागल्या. अम्माचं मराठी बाजारापुरतं. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी चालतं, 'लैंगिक ओळख' आणि 'मानसिक गोंधळ' यांना पुरत नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, "तू सांग तिला तेलुगूत."

मी सांगितलं.

तुम्ही म्हणाल, काहीतरी दुसरंच सांगायचं होतं. अभ्यासात मागे पडलीय, हजेरी कमी आहे, काहीही. मॅडमना तेलुगू येत नव्हतं. मला ते त्या क्षणी सुचलं होतं, अगदी तयार वाक्य तोंडात होतं. पण अम्मा इतक्या विश्वासाने माझ्या तोंडाकडे बघत होती की खोटं निघेना. म्हणून माझं गुपित, दुसऱ्या कुणी उघडलेलं, मीच माझ्या आईला एकेक वाक्य करून ऐकवलं. फक्त एक वाक्य गाळलं. "स्थळं बघायला लागा, लग्न झालं की हे जातं." तेवढं मी तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

अम्माने सगळं ऐकलं आणि तिच्या मराठीत मॅडमना एकच विचारलं: "फी किती?" मॅडम म्हणाल्या, "नाही हो, मोफत आहे." अम्माने हात जोडले.

त्या दिवसाची तिची मजुरी बुडाली. नायनांना कळलं, माझा फोन गेला, पुढच्या सत्राची फी भरायची की नाही यावर महिनाभर घर पेटलं. आता सांगा, हे कितीला पडलं?

यावर मला नेहमी ऐकवतात, त्या मॅडमचा हेतू चांगला होता. असेल. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क लिहिलाय. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की माणसाची ओळख 'बदलून' देण्याचे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. पण हे डॉक्टरांना. अतिरिक्त कार्यभारवाल्या प्राध्यापकांना कोण विचारणार? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती बघता येते. नोटीस बोर्डावरच्या कागदाची कसली नोंदणी बघणार?

"मग सिव्हिल होतं की." होतं, आहे. मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढला की कुणालाही दाखवता येतं. तिथे मी गेलोच नाही, आणि त्यात सिव्हिलचा काही दोष नाही. आमच्या गल्लीतलं कुणी ना कुणी रोज तिथे असतं, आणि त्या केबिननंतर रांगेत ओळखीचा चेहरा दिसेल या विचारानेच माझं पोट ढवळायचं. तुमची गल्ली दूर असेल तर जा. नक्की जा. माझी भीती तुमच्यावर लादायची नाही मला.

मी सुरुवात फोनवरून केली. सरकारची टेली मानस सेवा आहे, 14416, ऑक्टोबर 2022 पासून, चोवीस तास, मराठीतही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल आहे, तीही पैसे घेत नाही. पण एका खोलीच्या घरात फोनवर काय बोलणार? मी विजापूर रोडला कंबर तलावाच्या कडेला जाऊन बसायचो, कुणी जवळून गेलं की परीक्षेचं वेळापत्रक विचारतोय असं बोलायला लागायचो. तरी त्या फोनांनी मला सावरलं. पहिल्यांदा कुणी माझं क्रियापद दुरुस्त केलं नाही.

पुण्याची समुपदेशक नंतर मिळाली. ऐपतीप्रमाणे फी घेणारे काही जण असतात, विचारावं लागतं. विचारायची लाज वाटते, तरी विचारावं. मी शिकवणीचे पैसे साठवतो, अम्माच्या मजुरीतला एक रुपया त्यात नाही. पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जातो, संध्याकाळी त्याच गाडीने परत. अडीचशे किलोमीटर जाऊन एक तास बोलायचं, हे कुणालाही वेडेपणाचं वाटेल. पण तिथे स्टेशनावर मला कुणी ओळखत नाही. त्या अंतराचेही पैसे मी देतो, आणि देईन.

बारावीतला मी हे वाचून चिडला असता. तो म्हणायचा, मी आजारी नाही, मग कुणाकडे कशाला जाऊ? त्याच्याकडे मुद्दे होते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची. ट्रान्सजेंडर असल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राला 2020 च्या नियमांत प्रतिज्ञापत्र पुरत होतं, वैद्यकीय तपासणी नव्हती. 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात आपण मानसिक विकारांच्या प्रकरणात नाही. हे सगळं मला आजही पटतं. पण बाळा, त्या तासात आम्ही 'मी कोण' यावर बोलतच नाही. ते मला आधीपासून माहीत आहे. आम्ही अम्माबद्दल बोलतो. त्या केबिनमध्ये तिच्या तोंडाकडे बघत मी जे बोललो त्याबद्दल बोलतो. याला आजार म्हणत नाहीत, तरी एकट्याने पेलत नाही.

तो मात्र गप्प बसणारा नव्हता, आणि एका ठिकाणी तो मला अजून अडवतो. शरीरातल्या बदलांसाठी हार्मोन सुरू करायचे तर डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा सायकॉलॉजिस्टचं पत्र मागतात. माझी समुपदेशक ते देऊ शकते, तशी तिची पात्रता आहे. म्हणजे जिच्यापुढे मी रडतो, तिनेच माझी तयारी किती हे लिहायचं. हे कळल्यापासून मी तिच्यासमोर जपून बोलायला लागलोय. आज वाईट गेलं म्हणालो तर तयारी कमी दिसेल का, छान चाललंय म्हणालो तर गरजच नाही असं वाटेल का. मोकळं बोलता यावं म्हणून इतक्या लांब जायचं आणि तिथे पुन्हा वाक्यं गाळायची, हे मला सहन होत नाही. पत्र दुसऱ्याकडून घ्यावं तर त्याची वेगळी फी, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणं.

लहानांनो, तुम्ही पत्ता विचारलात, तो समोर भेटलात की देईन. पण कुठेही गेलात, अगदी फुकटच्या ठिकाणीसुद्धा, तरी स्वतःबद्दल काही सांगायच्या आधी विचारा: हे घरी कळवणार का? वही कोण वाचतं? मला पत्र लागलं तर तुम्हीच देणार का? शेवटचा प्रश्न मी अजून माझ्या समुपदेशकाला विचारलेला नाही. पुढच्या वेळी विचारणार आहे.