झॉर्नचे चार रंग आणि सांगलीची हळद

अँडर्स झॉर्न या स्वीडिश चित्रकाराने १८९६ साली मॉडेलसोबतचं स्वतःचं व्यक्तिचित्र केलं. त्यात त्याच्या हातातल्या पॅलेटवर चारच रंग दिसतात: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (हिंगुळी लाल) आणि काळा. जन्मभर त्याने एवढेच वापरले असं मुळीच नाही, पण मिश्रण शिकायला ही चौकडी उत्तम. सांगलीत तैलरंगात तिचा तक्ता केला, तो असा.

व्हर्मिलियनमध्ये पारा, म्हणून कॅडमियम रेड लाइट घेतला. ट्यूबवर पीआर १०८ हा रंगद्रव्याचा क्रमांक बघायचा. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर आत दुसरंच रंगद्रव्य असतं. काळा मात्र आयव्हरी ब्लॅकच हवा. पांढऱ्यात फसायला होतं: झॉर्नच्या काळचा शिशाचा पांढरा मवाळ, आपला टायटॅनियम जबरदस्त. तो सढळ हाताने घातला की त्वचेचे रंग खडूसारखे दिसतात. वाटतो त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी.

ए-३ कॅनव्हास पेपरवर मास्किंग टेप लावून २ सेंमीचे चौकोन पाडले. आडवी ऑकर-लालची पाच प्रमाणं, उभ्या पांढरा वाढवत नेलेल्या पाच पायऱ्या. तसंच ऑकर-काळा आणि लाल-काळा. एकूण ७५ चौकोन. मिसळायचं पॅलेट नाइफने. ब्रशच्या पोटात आधीचा रंग लपून बसतो आणि तिसऱ्या चौकोनापासून सगळं मळकट होतं. फिक्यात गडद घालायचं, उलट नाही. वाटाण्याएवढ्या ऑकरला मोहरीएवढा काळा पुरतो. आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतो, त्यामुळे त्याच्या ओळींना घाईने हात लावू नये.

खरा धडा काळ्याचा. एक भाग काळा, चार भाग पांढरा असा राखाडी करून त्याचे दोन ठिपके दिले: एक कोऱ्या कागदावर, दुसरा ऑकर-लालच्या वाळलेल्या भगव्या चौकोनाच्या मधोमध. कागदावरचा सिमेंटसारखा दिसतो, भगव्यातला चक्क निळसर. आयर्विन पुलाखालचं हिवाळ्यातलं कृष्णेचं पाणी याच राखाडीने निघालं, काठची माती तांबूस ठेवली म्हणून. या पॅलेटवर निळा म्हणजे हाच. ऑकर चार, काळा एक केला की ऑलिव्हसारखा हिरवा येतो; धुळकटलेल्या बाभळीला चालतो, उसाच्या कोवळ्या पाल्याला नाही.

मग हळद. सबंध हळकुंडाची साल मातकट पिवळी, ती ऑकर, पांढरा आणि कणभर काळ्यात लगेच जमते. घोडं अडतं मोडलेल्या टोकाशी. आतला केशरी-पिवळा धगधगीत; ऑकरमध्ये लाल घालत गेलं की विटेचा रंग होतो. पांढरा घातला की आणखी मिळमिळीत. तिथे मिश्रण वाढवण्यापेक्षा शेजार बदलावा. मागची गोणी लाल-काळा-पांढरा मिसळून जांभळट राखाडी केली, सावली आणखी गडद केली आणि मोडलेल्या टोकाला ऑकर सहा, लाल एक एवढंच, पांढऱ्याशिवाय, जाडसर लावलं. हातभर अंतरावरून हळद वाटते. दळलेल्या हळदीची रास काढायची असेल तर मात्र सरळ कॅडमियम यलोची ट्यूब उघडावी.