चीफ सर आणि १०८ मिलिमीटर

आपल्या बॅचच्या ग्रुपवर सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं, खाली लिहिलं होतं, माजी विद्यार्थ्यांनी शाळेबद्दल मनोगत द्यावं, दोन पानं. शाळेबद्दल म्हणजे खरं तर सगळ्यांबद्दल लिहायला पाहिजे, मराठीच्या बाई, लायब्ररी, घंटा देणारे काका, पण दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा गाडी वर्कशॉपकडेच वळली, त्यामुळे बाकीच्या सर-बाईंनी माफ करावं, माझी दोन पानं चीफ सरांनाच जाणार.

चीफ सर कोण हे सांगायची गरज नाही. नव्या पोरांसाठी एवढंच, की टेक्निकल घेतलेल्यांना आठवी ते दहावी फिटिंग आणि ड्रॉइंग त्यांच्याकडे असायचं. मूळचे देवगडकडचे, सतराव्या वर्षी नेव्हीत गेले, आर्टिफिसरचं, म्हणजे जहाजावरच्या मेकॅनिकचं ट्रेनिंग इथेच नेव्हीच्या आयएनएस शिवाजीला, आणि १५ वर्षं करून चीफ या हुद्द्यावरून बाहेर पडले ते परत लोणावळ्यालाच आले, कारण काकूंना इथली हवा मानवते. (काकूंना काय मानवतं यावर सरांचं अर्धं आयुष्य ठरलं, आणि ते हे अभिमानाने सांगायचे.)

७१ च्या लढाईत सर विक्रांतवर होते, विमानं घेऊन जाणाऱ्या जहाजावर. आम्हाला वाटायचं आता विमानं, बॉम्ब वगैरे ऐकायला मिळणार, आणि सर सांगायचे बॉयलरचं! चार बॉयलर, त्यातल्या एकाला तडे गेलेले, मग तीनवरच जहाज काढलं, तीन बॉयलर म्हणजे स्पीड कमी, आणि स्पीड कमी म्हणजे डेकवरून विमान उडायला समोरून वारा कमी, हे सगळं फळ्यावर बाण काढून. ४ डिसेंबरला वरून सी हॉक विमानं गेली, कॉक्स बाजार, चितगाव, सगळा पेपरात आलेला इतिहास, "आणि आम्ही खाली प्रेशरच्या काट्याकडे बघत उभे. लढाई आम्ही नंतर रेडिओवर ऐकली." त्याच महिन्यात त्यांची थोरली जन्मली. तार हातात पडली तेव्हा पोरगी तीन आठवड्यांची झाली होती. हे सांगताना मात्र फळ्याकडे तोंड.

आता गोल्फ. विशाखापट्टणमला पोस्टिंग असताना ईस्ट पॉइंटच्या कोर्सवर साहेब लोकांच्या बॅगा उचलता उचलता शिकले. आमच्या घरात गोल्फ म्हणजे पिक्चरमधल्या श्रीमंत बापाचा खेळ, आणि आमचे सर रविवारी पहाटेच्या लोकलने कॅनव्हासच्या पिशवीत गोल्फच्या काठ्यांचा सेकंडहँड हाफ सेट घालून पुण्याला निघायचे. तिथे जहाजावरचे तीन दोस्त यायचे, एक पंजाबी सिग्नलमन, एक केरळचा कुक, एक रत्नागिरीकडचा. पैशाची तंगी चौघांनाही, बॉल हरवला तर खेळ थांबवून झुडपात चौघंही वाकलेले. आम्ही दोघं-तिघं कधीकधी बॉल शोधायला म्हणून बरोबर जायचो, वडापाव सरांकडून. सर फक्त नऊच होल खेळायचे. दोस्त चिडवायचे, अरे चीफ, अठरा असतात. "उरलेले नऊ घरचे," म्हणायचे आणि बाराच्या आत घरी, कारण काकूंना इंजेक्शन द्यायचं असायचं आणि जेवायला त्यांच्याबरोबरच बसायचं असायचं.

शाळेत झेंड्याच्या खांबामागे त्यांनी एक होल खणला होता, आठवतोय ना? पावसाळ्यात धुक्यात पांढरा बॉल दिसायचा नाही म्हणून वर्कशॉपमधला रेड ऑक्साइड फासायचे बॉलला, बाहेरगावचे लोक भजी खायला यायचे त्या पावसात आमचे सर छत्री खांद्याला अडकवून पटिंग, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये ढकलायची प्रॅक्टिस करायचे, आणि शिपाई मामा मान हलवायचे.

तर त्या होलची गोष्ट. होलचं माप जगात सगळीकडे एकच, १०८ मिलिमीटर. "जपमाळेचे मणी," सर म्हणायचे, "विसरायचा नाय." १९८८ ला मी नववीत. आम्हाला जॉब दिला त्या होलसाठी लोखंडी रिंग करायचा, पट्टी पाइपावर वाकवायची, जोड सर ब्रेझिंग करून द्यायचे, मग आतून अर्धगोल कानशीने घासून बरोबर १०८ ला आणायची. सगळ्यात चांगली रिंग मैदानात बसणार. मला हावरटासारखं पहिलं यायचं होतं, घासत गेलो आणि एका बाजूने जास्त गेली. मटेरियल गेलं की गेलं, परत चिकटत नाही. मी व्हर्नियर लावला, बघितलं, आणि वहीत लिहिलं १०८.०.

सरांनी मोजलीच नाही. वहीवर सही केली आणि माझीच रिंग बसवली.

मग रोज मधल्या सुट्टीत सर तिथे पटिंग करायचे आणि मी लांबून बघायचो. बॉल मधोमध पडला तर काही नाही. कडेला लागून आत घरंगळला की सर खिशातून छोटी डायरी काढून स्वतःच्याच नावावर एक फटका जास्त लिहायचे. एकदा शिपाई मामांनी विचारलं, अहो पडला की आत! तर म्हणाले, "पडला, पण तो आमचा नाय. होलाचा उपकार तो." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बारा-तेरा दिवस काढले, जेवण जाईना, शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर वर्कशॉपची चावी मागायला गेलो. कशाला म्हणून विचारलं नाही. नवी पट्टी टेबलावर काढून ठेवलेली होती.

दुसरी रिंग तीन जागी मोजून बरोबर आली. तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "मेल्या, कानस आसा ती, फावडा न्हय." आणि वडापाव.

आज भोसरीला माझं छोटं युनिट आहे, चार सीएनसी मशीन, २२ माणसं, माल बाहेरच्या देशात पण जातो. फुशारकी म्हणून नाही सांगत, किंवा थोडी फुशारकी म्हणूनच सांगतो, कारण रिजेक्शन कमी का आहे विचारतात तेव्हा काय सांगणार, झेंड्याच्या खांबामागचं? आणि वर्कशॉपच्या जागी आता एसी कॉम्प्युटर लॅब झाली म्हणे. चांगलंच आहे, कॉम्प्युटर यायलाच पाहिजे, पण जॉब पकडायचे ते दहा व्हाइस कुठे गेले कोणाला माहीत असेल तर मला फोन करा, मी भंगाराच्या भावाच्या दुप्पट देतो, खरंच.

भंगारावरून आठवलं. २०१४ ला विक्रांत मुंबईला दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथे, तोडायला काढली तेव्हा मी सरांना भेटायला गेलो होतो, धीर द्यायला म्हणून. ते काकूंना पेपर वाचून दाखवत होते, तेवढी बातमी सोडून. नंतर तिच्या लोखंडातली म्हणून बजाजची मोटारसायकल निघाली, माझ्या भाच्याने घेतली, सरांना दाखवायला नेली. त्यांनी टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आवाज बरा आहे." बाकी काही नाही. काकू गेल्यावर रविवारचं पुणं त्यांनी बंदच केलं. दोस्त म्हणाले, आता तरी अठरा खेळ. नाही म्हणाले.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नवी विक्रांत नेव्हीत आली ते आम्ही त्यांच्या घरी टीव्हीवर बघितलं. मी सांगितलं, सर, हिच्यात गॅस टर्बाइन आहेत, बॉयलरच नाहीत. सर खूप वेळ हसले. "बरा झाला. पोरां तारा तरी वेळेवर वाचतील."

पुढच्या फेब्रुवारीत गेले. थोरल्या ताईंनी ती कॅनव्हासची पिशवी मला दिली, बाबांनी तुझं नाव सांगून ठेवलंय म्हणाल्या. आत सात क्लब, एक रेड ऑक्साइडचा बॉल, डायऱ्या, आणि बाजूच्या कप्प्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली माझी पहिली रिंग. अजून गंज नाही. मी युनिटवर नेऊन मोजली, १०९.४.

कार्यक्रमाला येताना आणतोय. झेंड्याच्या खांबामागे पेव्हर ब्लॉक घातलेत असं ऐकलं, शिपाई मामांच्या मुलाला सांगून ठेवलंय, एक ब्लॉक काढून ठेव म्हणून.